‘मोजक्याच राहिल्यात, वहिनी!’

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बचत गटाचे काम तुम्ही कधी जवळून पाहिले आहे का? दसरा झाला की त्यांची वही उघडते. कोणाला किती चकली, किती करंज्या, अनारसे हवेत की नकोत, हे लिहून घ्यायचे, थोडी आगाऊ रक्कम घ्यायची आणि ठरावीक किलोंचा आकडा गाठला की सरळ सांगायचे, “ताई, आता नाही जमायचं. वही बंद झाली.” गटात नव्याने आलेल्या मैत्रिणीला वाटते, दारात आलेले गिऱ्हाईक परत कशाला पाठवायचे? जास्तीचे करून ठेवू, खपेल की! पण भाऊबीज उलटल्यावर उरलेली दहा किलो मऊ चकली ज्यांनी शेजारीपाजारी वाटली आहे, त्या बायका असे म्हणत नाहीत.

हेच गणित आजकाल स्कूटरच्या धंद्यात चालते. विशेषतः विजेवर चालणाऱ्या स्कूटरी काढणाऱ्या नव्या, लहान कंपन्यांच्या धंद्यात. “बुकिंग अमुक तारखेला सकाळी अमुक वाजता उघडेल”, “पहिल्या इतक्याच जणांना”, “हा रंग पुन्हा निघणार नाही” असे संदेश आपल्या फोनवर येऊन पडतात. शोरूममध्ये गेलो तर तिथला मुलगा अदबीने खुर्ची देतो आणि हळूच सांगतो, “मोजक्याच राहिल्यात, वहिनी! आज पाच हजार भरून ठेवा, उद्याचं मी नाही सांगू शकत.” मग घरी, “अहो, काय करायचं?” “अगं, भरून टाकू, नाही आवडली तर बघू नंतर.” आणि पैसे भरले जातात.

लाख-सव्वा लाखाचा मामला असतो हा. घर आणि दागिने सोडले तर पुष्कळ घरांतली ही सगळ्यात मोठी खरेदी. शिवाय पूर्वी स्कूटर ‘ह्यांची’ असायची आणि आपण मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसायचो. आता शाळेत शिकवायला, बँकेत, क्लासला, भाजीला, मुलांना सोडायला आपणच गाडी काढतो. तेव्हा ‘मोजक्याच राहिल्यात’ या वाक्यामागे काय असते, ते एकदा समजून घेतलेले बरे.

स्कूटर आणि तुटवडा यांचे नाते तसे फार जुने. घरातल्या सासूबाईंना नाहीतर आत्याबाईंना विचारून पाहा. १९६० साली सरकारने स्कूटरच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा हुकूम काढला. कोणत्या कारखान्याने वर्षाला किती स्कूटरी काढायच्या, हेही परवान्यावर ठरत असे. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी बनत होत्या, १९७२ पासून ‘चेतक’ निघू लागली, १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यातून ‘प्रिया’ येऊ लागली. तरी मागणीच्या मानाने माल अपुराच. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, काहींना तर दहा-दहा वर्षे. परदेशातल्या भावाने परकीय चलनात पैसे भरले तर नंबर लवकर लागे. आणि नंबर लागून आलेली नवी गाडी दारातच जास्त किमतीला मागणारे लोकही असत! लग्नाच्या बैठकीत मुलाकडची मंडळी स्कूटरचा हट्ट धरून बसत, त्यामागे ही दुर्मिळताही होतीच. (तो हट्ट तेव्हाही लाजिरवाणा होता, आजही आहे.) पुढे परवान्यांची बंधने सैलावली, नवे कारखाने आले, १९८४ साली स्थापन झालेल्या किनेटिक होंडाने बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आणली, आणि त्या रांगा हळूहळू विरल्या.

तो तुटवडा खरा होता. कोणी मुद्दाम ‘फक्त इतक्याच’ असे म्हणत नव्हते, गाड्याच नव्हत्या. आजचा तुटवडा मात्र दोन प्रकारचा असतो. एक, लहान कंपनीने हात आखडता घेतल्यामुळे आलेला. दुसरा, निव्वळ जाहिरातीसाठी घडवलेला. दोन्ही दिसतात सारखेच, आणि आपली फसगत होते ती तिथेच.

आधी पहिल्याचे पाहू, कारण त्यात कंपनीची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. समजा, एका लहान कंपनीला एक स्कूटर बनवायला ९०,००० रुपये खर्च येतो. तिने २०० स्कूटरी बनवून गोदामात उभ्या केल्या, तर १ कोटी ८० लाख रुपये तिथे अडकून पडले. शेकडा १२ टक्के व्याज धरले तरी महिन्याला १ लाख ८० हजार रुपये नुसते व्याजाचे! गोदामाचे भाडे, विमा, राखणदार वेगळे. आता त्याच २०० गाड्यांची मागणी आधी नोंदवून घेतली आणि प्रत्येकीकडून २,००० रुपये घेतले, तर हातात येतात ४ लाख. म्हणजे दोन-सव्वादोन महिन्यांच्या व्याजापुरतेच. तेव्हा लहान रकमेच्या बुकिंगवर कारखाना चालतो, हा समज खरा नाही. बुकिंगचा खरा उपयोग असतो तो किती माल करायचा, कुठल्या गावासाठी, कुठल्या रंगाचा, हे आधी कळण्यात. आपल्या बचत गटाची वहीच ती!

रंगांचे तर विचारूच नका. पाच रंग आणि बॅटरीचे दोन आकार ठेवले की झाले दहा प्रकार. २०० गाड्या दहांत वाटल्या की प्रत्येकी वीस. पण गिऱ्हाईक असे समसमान वाटून येत नाही. पांढरी आणि राखाडी आठवड्यात संपते आणि पोपटी सहा महिने धूळ खात उभी राहते. साडीच्या दुकानात वरच्या फळीवर वर्षानुवर्षे तेच चार गठ्ठे का असतात, ते आठवा. म्हणून शहाणी लहान कंपनी दोन-तीनच रंग काढते, आणि एखादा भडक रंग काढलाच तर तो पन्नासच काढून ‘खास आवृत्ती’ म्हणते. उरायची भीतीच नको.

सुट्या भागांचेही तसेच. बॅटरीतले सेल बहुतेक परदेशातून येतात, त्यांची मागणी काही महिने आधी द्यावी लागते. आणि एक भाग अडला की सगळी गाडी अडते. डाळ शिजली, कणीक तिंबली, पण घरात गूळच नाही, तर पुरणपोळी होईल का? २०२१ साली जगभर इलेक्ट्रॉनिक चिपची टंचाई झाली तेव्हा मोठमोठ्या वाहन कंपन्यांची अशीच गत झाली. लहानांची तर बातच सोडा.

याची उदाहरणे आपल्या जवळचीच आहेत. बजाज ही काही लहान कंपनी नव्हे, पण विजेवरची ‘चेतक’ हे तिचे नवेच काम होते. जानेवारी २०२० मध्ये ती आली तेव्हा फक्त पुणे आणि बंगळूर या दोनच शहरांत मिळत होती, बुकिंग २,००० रुपयांचे. मग टाळेबंदी आली, सुट्या भागांची अडचण आली, बुकिंग बंद पडले. १३ एप्रिल २०२१ ला ते पुन्हा उघडले आणि ४८ तासांत बंद करावे लागले! पुढे ती इतर शहरांत पोहोचली. बंगळूरच्या एथर कंपनीनेही २०१८ साली आपली ४५० ही स्कूटर आधी एकट्या बंगळूरमध्ये विकली, मद्रासला ती गेली पुढल्या वर्षी. याच कंपनीने २०२० साली ४५०एक्स बाजारात येण्याआधीच ज्यांनी मागणी नोंदवली होती, त्यांच्यासाठी ‘सीरीज वन’ नावाची खास आवृत्ती ठेवली. जितक्यांनी आधी विश्वास टाकला तितक्यांसाठीच. यात मला तरी काही गैर दिसत नाही. कंपनीलाही उरल्यासुरल्याची चिंता नाही.

आता जरा दुसरी बाजू. १५ ऑगस्ट २०२१ ला सिंपल एनर्जी या नव्या कंपनीने ‘सिंपल वन’ स्कूटर जाहीर केली. स्वातंत्र्याच्या वर्षाची आठवण म्हणून बुकिंगची रक्कम ठेवली १,९४७ रुपये. कल्पना छानच. किंमत जवळजवळ १ लाख १० हजार सांगितली होती. प्रत्यक्षात गाडी विक्रीला आली मे २०२३ मध्ये, तेव्हा किंमत झाली होती १ लाख ४५ हजार, आणि जूनमध्ये वाटप सुरू झाले तेही पहिल्याने बंगळूरमध्ये. त्याच २०२१ साली ओलाने ४९९ रुपयांत बुकिंग घेतले, पहिल्या चोवीस तासांत एक लाखावर लोकांनी पैसे भरले. सप्टेंबरमध्ये दोन दिवस ‘खरेदीची खिडकी’ उघडली आणि त्या दोन दिवसांत अकराशे कोटींवर विक्री झाल्याचे कंपनीने सांगितले. गाड्या ऑक्टोबरपासून मिळणार होत्या. पहिल्या गाड्या हातात पडल्या १५ डिसेंबरला. दोन दिवसांची खिडकी हुकली तर काय होईल म्हणून धावलेल्यांना पुढे दोन-तीन महिने धीर धरावा लागलाच ना? खिडकी कंपनीच्या सोयीने उघडते आणि गाडीही तिच्याच सोयीने येते. घाई करायची ती फक्त आपण!

निव्वळ मिरवण्यासाठी काढलेल्या मोजक्या गाड्यांची गोष्टच निराळी. २०१६ साली व्हेस्पाची अरमानी या फॅशनवाल्याच्या नावाची स्कूटर आपल्याकडे बारा लाखांवर किमतीला विक्रीला आली होती. बारा लाखांची स्कूटर! ती घेऊन मंडईत जायचे आणि कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करायची, म्हणजे गंमतच. तिच्या मागे जाणाऱ्यांना माझा सल्ला नकोच आहे.

आपल्यासारख्या तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावातल्या बायकांनी जास्त काळजी करायची ती निराळ्याच साठ्याची. गाड्यांचा साठा नव्हे, सुट्या भागांचा. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंची शाळा घरापासून चौदा किलोमीटर. एका नव्या कंपनीच्या ‘शेवटच्या काही’ गाड्यांपैकी एक त्यांनी पुण्याहून आणवली. गाडी उत्तम चालली, चार महिने. मग चार्जर बिघडला. गावात कंपनीचे केंद्र नाही, पुण्याच्या केंद्रात चार्जर शिल्लक नाही, मागवलाय, येईल, येतोय. सात आठवडे बाई पुन्हा वडापने, जीपमध्ये दाटीवाटीने बसून शाळेत गेल्या, आणि दारातल्या गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याला खात्यातून जात राहिला. कंपनीने गाड्या विकताना हिशेब चोख ठेवला होता. दुरुस्तीसाठी कपाटात काय ठेवायचे, याचा ठेवला नव्हता.

म्हणून एखादी लहान कंपनी “तुमच्या गावात अजून येत नाही” म्हणाली, तर राग मानू नका. उलट ती प्रामाणिक आहे असे समजा. प्रत्येक नव्या गावी दुरुस्तीची जागा, शिकलेला कारागीर आणि भागांचे एक कपाट लागते, आणि त्या कपाटातही भांडवल अडकते. पाच-पंचवीस गाड्या विकणारी आणि तरीही प्रत्येक गावात, प्रत्येक रंगात ‘आत्ता घ्या’ म्हणणारी कंपनी मला जास्त भीतिदायक वाटते. पुढे ती बंद पडली तर? मोठ्या नावालाही हे चुकत नाही. एके काळी विजेवरच्या स्कूटरींत आघाडीवर असलेल्या हिरो इलेक्ट्रिकचे प्रकरण डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेले.

मग शोरूममधल्या त्या मुलाला विचारायचे काय? खरा तुटवडा असेल तर त्याच्याजवळ आकडे असतात. “माझा नंबर कितवा? एका खेपेत तुमच्याकडे किती गाड्या येतात? मागची खेप कधी आली, पुढची कधी?” एवढे विचारले की पुष्कळ गोष्टी उघड होतात. नीट वही ठेवणारा विक्रेता लगेच उत्तर देतो. नुसताच “लवकर येईल हो, तुम्ही भरून ठेवा” म्हणाला तर पर्स उघडू नका. भरलेली रक्कम परत मिळते का, किती दिवसांत, काही कापून मिळते का, हे तोंडी नको, पावतीवर लिहून मागा. किंमत आजची लागणार की गाडी मिळेल त्या दिवशीची, हेही त्याच पावतीवर. वर सांगितलेला १ लाख १० हजारांचा आणि १ लाख ४५ हजारांचा फरक लक्षात आहे ना? चार्जर बिलात वेगळा लावला आहे का, तेही पाहा. २०२३ साली काही कंपन्यांना असे वेगळे घेतलेले पैसे ग्राहकांना परत करावे लागले होते.

कधी कधी घाई खरीही असते, हे मात्र सांगायला हवे. मे २०२३ मध्ये सरकारने जाहीर केले की १ जूनपासून विजेवरच्या दुचाकींचे अनुदान कमी होणार. त्या मे महिन्यात देशभर एक लाखावर अशा गाड्या नोंदवल्या गेल्या आणि जूनमध्ये आकडा निम्म्याच्याही खाली आला. ती तारीख सरकारी होती, वर्तमानपत्रात छापून आलेली. अशी घाई पडताळून पाहता येते. “साहेबांनी सांगितलंय, रविवारपर्यंतच ऑफर” ही पडताळता येत नाही. अनुदानाचे नियम बदलत राहतात, तेव्हा घेण्याच्या दिवशीचे काय आहेत ते विचारूनच हिशेब मांडा.

आता थोडे जुन्या मालाबद्दल. ज्या कंपनीचा अंदाज चुकतो तिच्या डीलरकडे गाड्या साचतात. डीलरही बहुधा बँकेच्या पैशावर माल उभा करतो, त्याला रोज व्याज चढत असते. म्हणून डिसेंबर आला, वर्ष बदलायला आले, की सवलती निघतात. अशी गाडी घेऊच नये असे मी म्हणणार नाही. तीच खरी काटकसर ठरू शकते. पण विजेवरच्या गाडीत एक मेख आहे. बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू म्हातारी होते. त्यातही पूर्ण उतरलेली राहिली, किंवा काठोकाठ भरून उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तापली, तर जास्तच. तांदूळ जुना होईल तसा चांगला, लोणचे मुरेल तसे चांगले, बॅटरीचे मात्र तसे नाही. तेव्हा निर्मितीचा महिना आणि वर्ष विचारा. ते पुढे आरसी बुकातही छापून येते, त्यामुळे फार लपवता येत नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, छोट्या मोटरच्या ज्या गाड्यांना नोंदणी लागत नाही, त्यांचे आरसी बुकच नसते. तिथे हा महिना बिलावरच लिहून घ्यावा लागेल. सात-आठ महिने उभी असलेली गाडी असेल तर बॅटरीची हमी कोणत्या तारखेपासून धरणार, ते विचारा. ती तुमच्या बिलाच्या तारखेपासून हवी. पूर्ण भरल्यावर किती किलोमीटरचा आकडा दाखवते ते स्वतः पाहा, टायर एका बाजूने बसलेत का बघा. आणि रंगाकडे बघायला सुनेला नाहीतर मुलीला न्या. त्या तेवढ्यात रमतात, तोवर तुम्ही हमीपत्र वाचा!

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्या जणींना ठाऊक आहे. खोटी घाई दाखवून माल गळ्यात मारणे हा आता नुसता चावटपणा राहिलेला नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या युक्त्यांवर बंदी घालणारे नियम काढले, आणि त्या यादीत पहिलीच युक्ती आहे ‘खोटी घाई’. म्हणजे माल भरपूर असताना ‘दोनच शिल्लक’ असे फोनच्या पडद्यावर दाखवणे. असे काही आढळले, किंवा बुकिंगचे पैसे परत मिळेनात, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे कंपनीचे कार्यालय बंगळूरला असले तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क लागत नाही. वकील करायलाच हवा असेही नाही. मात्र कागद हवेत. बुकिंगची पावती, बँकेचा संदेश, आणि हो, ‘मोजक्याच राहिल्यात’ असे लिहिलेली ती जाहिरातसुद्धा. तिचा फोनमध्ये फोटो काढून तारखेसकट छापून घ्या, आणि सगळे एका पाकिटात घालून गॅसच्या पुस्तकाशेजारी ठेवा.